नाशिकला, दवाखान्याशिवाय

नाशिकच्या निमाणी स्टँडवर एसटीतून उतरले तर रिक्षावाल्याने पहिला प्रश्न केला, "कुठल्या हॉस्पिटलला जायचंय, मावशी?"

त्याची काही चूक नाही. कळवण तालुक्यातली बाई हातात पिशवी घेऊन एकटीच नाशिकला उतरली, की ती कुणाचा तरी डबा घेऊन दवाखान्यात चाललेली असते. मीही आजवर तशीच येत आले. सासऱ्यांचा मोतीबिंदू, धाकट्याचा मोडलेला हात, जाऊबाईंचं अवघड बाळंतपण. नाशिक म्हणजे माझ्यासाठी वॉर्डाबाहेरचं बाकडं, औषधाच्या दुकानापुढची रांग आणि शेवटची गाडी चुकते की काय ही धाकधूक. या मे महिन्यात, ४७व्या वर्षी, मी पहिल्यांदा नाशिकला नुसती राहायला गेले. चार दिवस. उन्हाळ कांदा चाळीत पडला होता, पोरांच्या परीक्षा झाल्या होत्या आणि भाची दोन वर्षं म्हणत होती, "मावशी, ये ना. काम नसताना ये."

अभोण्याहून नांदुरी, वणी, दिंडोरी असा आमचा रस्ता. नांदुरीला सप्तशृंगीच्या गडाकडे बघून हात जोडले. गाडीत अर्ध्याहून जास्त बायकाच होत्या. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं आणि आमच्याकडच्या बायका माहेराला, बाजाराला, देवाला एकट्या जाऊ लागल्या. त्याआधी कुणी सोबत असल्याशिवाय किंवा कुणी आजारी असल्याशिवाय स्टँडवर जायचंच नाही, अशी रीत होती. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पिशवीत तीन वस्तू होत्या. भाचीच्या आठ महिन्यांच्या लेकासाठी गोधडी, माझ्या आईच्या म्हणजे तिच्या आजीच्या दोन लुगड्यांची. अर्धवट विणलेलं क्रोशाचं तोरण. आणि स्टीलच्या डब्यात नानकटाई.

आमच्या गावात मी नानकटाईवाली म्हणून ओळखली जाते. बावीस वर्षं करतेय. दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत लोक डबे आणून देतात. ओव्हन नाही. जाड बुडाच्या कढईत खडेमीठ पसरायचं, त्यावर कडं, कड्यावर ताटली, ताटलीत गोळे आणि वर घट्ट झाकण. चव चांगलीच लागते, ते मी खोट्या नम्रतेनं नाकारणार नाही. पण बावीस वर्षांत माझी नानकटाई वरून कधी फुटली नाही. बेकरीतल्या नानकटाईला वर कशा भेगा पडतात, तशी एकही भेग नाही. वरून गुळगुळीत, फिकी आणि बुडाला मात्र तांबूस, कधी कधी करपलेली. मी तुपाला दोष दिला. सोडा बदलला. बेसन वाढवलं, रवा कमी केला. शेवटी माझ्या हाताचाच गुण तसा आहे म्हणून सोडून दिलं, पण प्रत्येक घाणा काढताना पोटात कुठेतरी टोचायचंच.

पहिला दिवस झोपण्यात गेला. तिसऱ्या मजल्यावरचं घर, कूलर, दाराआड दार. शेजारच्या दारातली बाई तिला चार वर्षं झाली तरी नावानं माहीत नाही, हे भाचीनं सहज सांगितलं आणि मला रात्रभर त्याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काळाराम, रामकुंड आणि उन्हं उतरल्यावर पांडवलेणी. काळारामाच्या दारात थोडी थांबले. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी इथेच सत्याग्रह सुरू केला. देवळात जायला मिळावं म्हणून माणसं इथे दाराबाहेर उभी राहिली, हे शाळेत पाठ केलं होतं, पण ते दार समोर बघितल्यावर पाय उचलेना. गंगेवर मात्र मन लागलं नाही. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि त्या गंगेच्या अंगावर पाणवेली साचलेल्या. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून पुराचा अंदाज घेतात, तो मारुती कोरडाठाक उभा.

त्याच दिवशी कॉलेज रोडला एका मोठ्या केकच्या दुकानात गेलो. काचेआड केक इतके सुरेख होते की मी मुलीला विचारलं, "हे भाजता कुठे? मला बघायला मिळेल का?" ती माझ्या पायातल्या चपलेकडे बघून म्हणाली, "ऑर्डर द्यायची असेल तर सांगा." भाचीला राग आला, ती बोलणार होती, मीच तिला बाहेर आणलं. पण लागलं मला. विचारायला काय पैसे पडतात?

रात्री भाचीनं माझा डबा उघडला, एक नानकटाई मोडून खाल्ली आणि म्हणाली, "मावशी, उद्या तुझं पीठ घेऊन भट्टीवर जाऊ. इथे बायका आपलं सामान नेऊन भाजून आणतात."

हे मला माहीतच नव्हतं असं नाही. लहानपणी आई सांगायची. पण अजून कुठे होत असेल असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन किलो मैदा, एक किलो पिठीसाखर, सव्वा किलो तूप, बेसन, रवा, वेलदोडा असं सगळं डब्यांतून भरून स्कूटरवरून जुन्या नाशकात गेलो. भद्रकालीच्या पलीकडे बोळातून बोळ, मग एक लाकडी दार, आणि आत शिरताच भाजल्या पिठाचा असा वास की मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. किलोमागे ८० रुपये भाजणावळ. चिठ्ठीवर आमचा नंबर सहा. भाचीला ऑफिसचं काम होतं, ती मला बाकावर बसवून निघून गेली. हे एक फार बरं झालं.

मे महिन्यातली दुपार आणि पाच हातांवर पेटती भट्टी. बाकावर माझ्याआधी चार जणी होत्या, पदरानं वारा घेत. कारागीर दोघं आणि एक वयस्कर चाचा. पोरगं परातीत तूप-साखर तळव्यानं घासत होतं. उन्हानं तूप पातळ होत होतं म्हणून परातीखाली गार पाण्याची दुसरी परात. घरी मीही तसंच करते, ते बघून मला एकदम धीर आला. पिवळं तूप हळूहळू पांढरं होत गेलं, लोण्यासारखं. मग मैदा.

गोळे झाले आणि चाचांनी विचारलं, "ताई, निशाणी काय?"

एकाच वेळी भट्टीत चार-पाच घरांचे भाजायचे पत्रे जातात. कुणाची नानकटाई कुणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. एकीनं वर चारोळी लावली होती. एकीनं चाकूची फुली. एकीनं वेलदोड्याचा दाणा. आणि चौथीनं नुसता अंगठा दाबला होता. अंगठा ही माझ्या आईची खूण. ती आधीच घेतलेली. मी पिशवीत हात घातला तर तोरणाची क्रोशाची सुई लागली. पदरानं पुसली आणि तिच्या मागच्या गोल टोकानं प्रत्येक गोळ्यावर पाच पाकळ्या दाबल्या, मध्ये एक ठिपका. तोरणावर मी जे फूल विणते तेच. गोळे पुष्कळ होते. एक एक करत गेले तशी बाकावरची एकजण उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

चाचा पण आले. "ही कसली सुई?"

"क्रोशाची. तोरण विणायची."

त्यांनी ती हातात घेतली, टोकाचा आकडा बघितला आणि परत देताना म्हणाले, "या, इथे या. भट्टी बघायचीय ना?"

मी काही विचारलं नव्हतं. माझ्या तोंडावरच दिसत असणार.

भट्टीचं तोंड हातभर रुंद. आत वाकून बघितलं तर विटांची कमान, खोल, मागे निखारे एका अंगाला सारलेले. पहाटे लाकडं जाळतात, विटा तापतात आणि मग दिवसभर त्या तापावर काम चालतं. आधी पाव, कारण त्याला ताप सगळ्यात जास्त लागतो. मग खारी. ताप उतरला की नानकटाई. आणि रात्री, अगदी शेवटी, उरलेल्या उबेवर टोस्ट सुकतात. चाचांनी चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकला. तो लगेच काळा पडला. "अजून नाही," ते म्हणाले. आम्ही थांबलो. दहा मिनिटांनी पुन्हा चिमूट टाकली, ती हळूहळू बदामी झाली. "आता."

मग मी बावीस वर्षांचा प्रश्न विचारला. माझी का फुटत नाही?

"कशात भाजता?"

कढई, मीठ, कडं, ताटली, झाकण, सगळं सांगितलं. त्यांनी डावा तळवा खाली धरला, उजवा वर. "खालून आग. वरून काय?"

"काही नाही."

"आणि झाकण?"

"घट्ट. ताप जाऊ नये म्हणून."

"ताप राहतो, पण वाफ पण आतच राहते ना ताई. वरचं ओलंच राहतं. ओलं कसं फुटेल? वरचा पापुद्रा आधी सुकला पाहिजे. मग आतलं फुगून पसरतं, तेव्हा तो तडकतो." आणि त्यांनी आतल्या कमानीकडे बोट केलं. "इथे वरूनपण ताप पडतो. आणि तोंड उघडं, वाफ बाहेर."

एवढंच. तूप चांगलं होतं. सोडा बरोबर होता. हाताचा गुण पण बरोबर होता. मी तिथे भट्टीच्या तोंडाशी घामानं निथळत उभी होते आणि मला रडू येत होतं, ते कुणाला दिसलं नाही कारण सगळ्यांचेच चेहरे ओले होते.

लांब दांड्याच्या फळीवरून पत्रे आत गेले. बाकावर परत बसले तर शेजारची म्हणाली, "कुठल्या तुम्ही?" अभोण्याकडची म्हटलं. "मग दवाखान्यात कोण आहे?"

"कुणी नाही. मी सुट्टीला आलेय."

हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. चौघींनी माझ्याकडे बघितलं. "एकट्याच?" "एकटीच." मग तिनं बाकावर सरकून मला भिंतीला टेकायला जागा करून दिली आणि तोरणाचा खांबाचा टाका कसा घालता ते दाखवा म्हणाली. पत्रे बाहेर येईपर्यंत तिला साखळी आणि दोन ओळी खांब येऊ लागले होते.

"सहा नंबर!" पोरगं ओरडलं, आणि आतून चाचा म्हणाले, "अरे, फुलवाली बोल."

पत्रा समोर आला. प्रत्येक फूल पाकळ्यांच्या मधोमध उकललं होतं. मी दाबलेल्या रेषांमधूनच भेगा गेल्या होत्या, कुठे तीन, कुठे पाच, एकसारखी एकही नाही. भेगांच्या आत पांढुरकं, कडांना बदामी. मी हात पुढे केला तर चाचांनी थांबवलं. गरम असताना ती मऊ असते, उचलली की मोडते, हे मला ठाऊक आहे, पण त्या क्षणी विसरले. वीस मिनिटं पत्र्याशेजारी उभी राहिले. पहिली गार झाल्यावर मोडली, ती भुसभुशीत दोन तुकडे झाली, बूड वरच्याच रंगाचं. अर्धी चाचांना दिली. त्यांनी खाल्ली आणि म्हणाले, "बेसन तुमचं बरोबर आहे. कमी करू नका."

केकच्या त्या दुकानात मला जे विचारायचं होतं, ते इथे कुणी न विचारता दाखवलं. नाशिकबद्दल मला कुणी काही विचारलं तर मी आता हेच सांगते आणि पांडवलेण्यांत काय बघितलं हे नीट सांगता येत नाही म्हणून लोक नाराज होतात. चोवीस लेणी आहेत, पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी लवकर जा. बाकी मला आठवत नाही.

चौथा दिवस बुधवार होता. गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो, तिथून भाचीला भाजी घेऊन दिली आणि उरलेला सगळा वेळ भांडी बाजारात घालवला. तांब्या-पितळेच्या झळाळीतून मला हवं होतं ते एकच, काठ उभे असलेलं जाड लोखंडी झाकण, ज्यावर निखारे ठेवता येतील. पाच दुकानांत मिळालं नाही. सहाव्या दुकानदारानं कशाला हवं ते विचारून घेतलं, माळ्यावर चढला आणि धुळीनं माखलेला एक पसरट तवा काढून दिला. "उलटा नका ठेवू, सुलटाच ठेवा. काठात निखारे राहतील."

परतीच्या गाडीत तो तवा मांडीवर घेऊन बसले. जड होता, दिंडोरीपर्यंत पायाला मुंग्या आल्या. गावात उतरले तर स्टँडवरच दोघींनी विचारलं, कोण ॲडमिट होतं म्हणून.

परवा चूल पेटवली. कढई, मीठ, कडं, ताटली, वर तवा, तव्यात निखारे, आणि वाफेला बोटभर फट. पहिला घाणा वरून करपला, निखारे जास्त झाले. दुसऱ्याला निम्मे काढले. क्रोशाच्या सुईनं फुलं दाबलेली बारा होती, त्यातली सात फुटली. पाच राहिली ती चुलीच्या मागच्या बाजूची. आज तिसरा घाणा लावतेय, तवा थोडा मागे सरकवून.