अठरा जण, सात बाटल्या आणि नेलपेंटची खूण

जानेवारीच्या शेवटी कॉलेजचा ग्रुप नाशिकला निघाला, अठरा जण, आणि "वाइनच्या जेवणाचं तू बघ" म्हणून सगळे माझ्यावर ढकलून मोकळे. जाताना नारायणगावला मिसळ खाल्ली. ऐंशीच्या दशकात 'इंडाज' या वाइन कंपनीवाल्यांनी स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळ वाइन याच गावात बनवायला घेतली होती हे मी सांगत होतो, कुणीही ऐकलं नाही, सगळे एक्स्ट्रा तर्री मागत होते.

बंगला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला घेतला होता. आजूबाजूच्या वाइनरींमध्ये द्राक्षांची काढणी चालू, दुपारी सुलात (१९९९ ची कंपनी, पहिली वाइन २००० ला आली) आणि मग यॉर्कमध्ये फिरून बाटल्या घेतल्या.

हिशोब मात्र माझा घरीच चुकला होता. ७५० मिलीची बाटली म्हणजे १५० चे पाच ग्लास, अठरा जणांना एका वाइनच्या चार बाटल्या, सात प्रकार म्हणजे अठ्ठावीस! बायको म्हणाली, "अरे, लग्न आहे का कुणाचं?" चाखायचंच आहे तर प्रत्येक वाइनची एकच बाटली पुरते, ७५० भागिले १८ म्हणजे जेमतेम चाळीस मिली. सहा पूर्ण बाटल्या आणि गोड वाइनची ३७५ ची एक छोटी, म्हणजे माणशी साधारण दोनशेसत्तर मिली, तेही तीन तासांत जेवता जेवता, बास झालं.

पण ओतणार कोण? पहिली स्पार्कलिंग आमच्या मोठ्या मनाच्या मित्राने वाढायला घेतली आणि अकराव्या माणसाशी बाटली संपली. उरलेल्या सातांचे चेहरे बघवत नव्हते, शेवटी अकरा जणांनी आपल्यातलं थोडं थोडं परत दिलं. मग मैत्रिणीने कटिंग चहाच्या ग्लासावर मापून चाळीस मिलीला लाल नेलपेंटची रेघ ओढली, आणि ओतणारा स्वतः शेवटी घेणार असा नियम झाला. त्यानंतर थेंबभर भांडण नाही.

कोथिंबीर वडीला सॉव्हिन्यॉ ब्लाँ ही पांढरी वाइन मस्त लागली. मटणाच्या तिखट रश्श्याबरोबर मी ऐटीत दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही लाल वाइन काढली आणि फसलो, रेडचा तुरटपणा आणि तिखट एकत्र आले की तोंडात आगच होते, तिथे थंडगार, जराशी गोडसर पांढरी शेनिन ब्लाँच खरी कामाला आली. म्हणजे मीच ठरवलेला पांढरी आधी, लाल नंतर हा क्रम मीच मोडला, चालतंय.

अर्धी शिराझ उरली. सकाळी केअरटेकर मावशींनी बाटली हुंगली आणि मला म्हणाल्या, "दादा, हे आंबलंय वाटतं, टाकून देऊ का?"