तुर, तूर आणि अकरा वाजताची गर्दी

लातूरच्या एका आडत दुकानातली पोरं बाजारभावाची वेबसाइट चालवतात. जिल्ह्यातले दहा तालुके, आठ शेतमाल, रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. नव्या तुरीची आवक सुरू झाली आणि साइट रोज अडखळू लागली. होस्टिंगवाल्यांनी मोठा सर्व्हर सुचवला होता. साइटच्या भेटी मोजणाऱ्या एडब्ल्यूस्टॅट्सच्या रिपोर्टातही पानांचा आकडा चढतच होता. "सर, गर्दीच एवढी हाय तर सर्व्हर घ्यावाच लागंल की," असं साइट तपासायला गेलेल्या मला मालकांनी सांगितलं.

अडचण एवढीच, की भेटी मोजणाऱ्या दुसऱ्या सेवेत, गूगल ॲनालिटिक्समध्ये, ही गर्दी कुठेच दिसत नव्हती. दोन रिपोर्ट इतके फटकून वागत असतील तर कोणता खरा हे विचारण्याआधी दोन्ही काय मोजतात ते पाहावं. एडब्ल्यूस्टॅट्स सर्व्हरच्या लॉगमधल्या, म्हणजे आलेल्या मागण्यांच्या नोंदवहीतल्या, ओळी मोजतं. ॲनालिटिक्स पानावरची जावास्क्रिप्ट चालली तरच नोंद करतं, आणि बहुतेक क्रॉलर, म्हणजे आपोआप पानं गोळा करणारे प्रोग्राम, ती चालवतच नाहीत. नाव सांगून येणारे क्रॉलर एडब्ल्यूस्टॅट्स वेगळे काढतं. साध्या क्रोम ब्राउझरचं नाव लावून आलेला मात्र माणसांतच धरला जातो.

म्हणून लॉग उघडला. त्याआधी सगळ्या फाइलींची प्रत काढून ठेवली. लॉगरोटेट हे लॉगच्या फाइली सांभाळणारं साधन साधारणपणे चौदा दिवसांच्या फाइली ठेवतं, जुन्या पुसतं, आणि पुरावा तिथेच असतो.

एन्जिनएक्स या वेब-सर्व्हरच्या कंबाइंड पद्धतीच्या लॉगमध्ये एक मागणी म्हणजे एक ओळ. ती रिकाम्या जागांवर तोडली तर पहिला रकाना आयपी पत्ता, चौथा वेळ, सातवा मागितलेल्या पानाचा पत्ता, नववा उत्तराचा कोड, दहावा बाइट. ऑक या कमांडने सातवा रकाना काढायचा, प्रश्नचिन्हानंतरचा भाग छाटायचा, सॉर्ट करायचं, युनिकने मोजायचं आणि आकड्यांनुसार उलटं लावायचं. या एका ओळीच्या कामाने निम्मं प्रकरण उलगडलं. सगळ्यात वर होतं शोधाचं पान, जिथे तालुका, शेतमाल आणि तारीख निवडतात.

हिशेब करून पाहा. 10 तालुके, 8 शेतमाल, 3 वर्षांचे दिवस, म्हणजे 87,600 पत्ते. वर दर चढते की उतरते असा दुवा, म्हणजे 1,75,200. त्यात पानावर 'पुढचा दिवस' हा दुवा होता आणि त्याला अंतच नव्हता. क्रॉलर कित्येक वर्षं पुढच्या तारखांचे तुरीचे भाव मागत होता, आणि सर्व्हर दर वेळी डेटाबेसला विचारून रिकामं पान 200, म्हणजे 'सगळं ठीक', या कोडसह देत होता. माणूस की यंत्र हे ओळखायची सोपी खूणही लॉगमध्येच असते. खऱ्या ब्राउझरने पान मागितलं की पाठोपाठ सीएसएस (पानाच्या सजावटीची फाइल) आणि चित्रंही मागितली जातात. इथे नुसती पानंच मागितलेली. गूगलबॉट, म्हणजे गूगलचा क्रॉलर, असं लिहिलेल्या ओळीही होत्या. त्या नावावर विश्वास ठेवू नये. आयपीवरून होस्टचं नाव काढावं, ते गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉम यात संपतं का पाहावं, आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी मिळतो का तपासावं. इथले खरे निघाले.

यंत्रं बाजूला काढल्यावर 404 चा, म्हणजे 'पान सापडलं नाही' या उत्तरांचा, ढीग उरला. लॉगमध्ये देवनागरी पत्ता तसाच दिसत नाही. प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा युटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटची, म्हणजे टक्केचिन्हांसह नऊ खुणांची होते. 'सोयाबीन' एवढ्याशा नावाच्या 63 खुणा. म्हणून कुणी ते वाचत नाही, आणि वाचलंच पाहिजे. ढिगात वर असलेला पत्ता उलगडला तर 'तुर' निघाला. चालू पान होतं 'तूर'. दोन्हींत फरक एका बाइटचा, उकाराच्या शेवटी 81 की 82. हंगामाच्या तोंडावर कुणीतरी पानाचं शुद्धलेखन सुधारलं होतं, पण जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवलं नव्हतं.

जुना दुवा गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरत होता. रेफररच्या, म्हणजे कुठल्या पानावरून आला त्याच्या, जागी नुसती आडवी रेघ, ब्राउझर अँड्रॉइड फोनचा, अधूनमधून यूजर एजंटमध्ये, म्हणजे मागणाऱ्याने सांगितलेल्या नावात, व्हॉट्सॲपचंच नाव. दुवा पुढे पाठवताना जे छोटं चित्र-शीर्षक तयार होतं त्याची ती मागणी. हे शेतकरी दोन्ही रिपोर्टांत नव्हते. एडब्ल्यूस्टॅट्स पान म्हणून 200 आणि 304 ('पान बदललेलं नाही') एवढंच धरतं, 404 खाली वेगळ्या तक्त्यात टाकतं. साइटच्या 404 पानावर ॲनालिटिक्सचा कोडच नव्हता. ज्यांच्यासाठी साइट काढली तेच हिशेबाबाहेर राहिले, हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं.

वेळेचाही घोळ होता. रिपोर्ट सांगायचा, सर्वाधिक गर्दी अकराच्या तासात, म्हणून पोरं सकाळी घाईने अर्धेमुर्धे दर टाकत. लॉगच्या वेळेपुढे +0000, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ (यूटीसी), होतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे लोक दुपारी साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान, सौदे आटोपल्यावर येत होते.

दुरुस्ती संध्याकाळपर्यंत झाली. 'तुर' वरून 'तूर' कडे 301, म्हणजे कायमचं वळण. आजच्या पुढच्या तारखांना 404 आणि तो दुवाच बंद. कालपर्यंतचे दर बदलत नाहीत, त्यामुळे ती पानं कॅशेतून, म्हणजे साठवलेल्या प्रतीतून. चढत्या-उतरत्या दुव्यांना क्रॉलरना सूचना देणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये मनाई. क्रोमचं नाव लावून येणारे तोतये ती पाळत नाहीत, म्हणून शोधाच्या पानावर मागण्यांच्या वेगाला मर्यादा घालणारं लिमिट रिक्वेस्टही लावलं. एन्जिनएक्स अशा वेळी मुळात 503 ('सेवा उपलब्ध नाही') देतं, ते बदलून 429 ('फार जास्त मागण्या') केलं, म्हणजे लॉगमध्ये खरा बिघाड वेगळा दिसतो. सरसकट आयपी अडवणं मात्र टाळलं. मोबाइल कंपन्यांच्या एकाच आयपीमागे कितीतरी फोन असतात; एक अडवला तर औसा-निलंग्याचे ग्राहकही अडायचे.

दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये 301 ची ओळ, लगेच त्याच आयपीवरून 200, पाठोपाठ सीएसएस, असे जोडीने टप्पे दिसू लागले. एडब्ल्यूस्टॅट्सचा आकडा आता उतरणार, हे मालकांना आधीच सांगितलं. बियाण्याच्या दुकानदाराला जाहिरातीसाठी तोच फुगलेला आकडा दाखवला होता. मालकांनी त्याला स्वतःच फोन लावला आणि नवा आकडा महिनाअखेर देतो म्हणून कळवलं. मोठा सर्व्हर घ्यायची गरज पडली नाही.