ख्रिसमस ट्रीखालची आगगाडी: मागची बाजू आधी

झाडाखाली गाडी पळवायची म्हटलं की लोक आधी इंजिन निवडायला बसतात. बसावं, पण घोळ इंजिनामुळे होत नाही. एकदा झाड उभं राहिलं, दिवे लागले, काचेचे गोळे लटकले, की भिंतीकडच्या बाजूला हात जात नाही. तिथे डबा घसरला तर पोटावर सरपटत, केसांत सूचिपर्ण अडकवून घेत तो परत रुळावर चढवावा लागतो. म्हणून जे बिघडू शकतं ते सगळं पुढे, मागे नुसते सलग रूळ. मागे बोगदा नाही, गाडी वळवायचे पॉइंट नाहीत, स्टेशन नाही.

ही हौस मूळची अमेरिकेची. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावाला ते नाव १७४१च्या नाताळच्या आदल्या रात्री मिळालं. तिथल्या मोरावियन लोकांत नाताळात ‘पुट्झ’ म्हणजे येशूजन्माचा देखावा मांडायची जुनी रीत आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली खेळण्यातल्या आगगाड्या करणारी लायनेल कंपनी निघाली आणि पुढे अशा देखाव्याच्या जोडीला विजेची गाडी आली. अमेरिकेत घरी गणपतीची आरास करणाऱ्यांकडे प्लायवूड, ड्रिल, एक्स्टेंशन बोर्ड आणि तळघरात रचून ठेवायची सवय हे सगळं असतंच. नवीन शिकायचे ते फक्त रूळ.

झाडाखाली ओ गेज घ्यावा; गेज म्हणजे रुळांमधलं अंतर, त्यावरून गाडीचा आकार ठरतो. प्रमाण १:४८, रुळांमधलं अंतर सव्वा इंच. त्याहून बारीक एचओ गेजचं १८ इंच त्रिज्येचं वळण आणि लायनेलच्या फास्टट्रॅक या ओ गेज रुळांचं ओ-३६ वळण, दोन्हींचा व्यास ३६ इंचच, त्यामुळे एचओ घेऊन जागा वाचत नाही. उलट एचओच्या बारीक चाकांना झाडाची एखादी सुई, कुत्र्याचा केस किंवा सांध्यातला जरासा उंचवटा पुरतो. ओ गेजचे डबे वजनदार, चाकांच्या कडा खोल, असला कचरा ते बऱ्यापैकी पचवतात. एलजीबी कंपनीचा ४५ मिलिमीटर गेज त्याहून दणकट, पण त्याचं सगळ्यात लहान वर्तुळच १२०० मिलिमीटरचं, म्हणजे चार फुटांची जागा गेली. टेबलावरच्या दोन फुटी झाडाला मात्र यांतला सगळ्यात बारीक एन गेजच बरा: काटो कंपनीच्या २४९ मिलिमीटर त्रिज्येच्या आठ वळणांत वर्तुळ पूर्ण होतं, व्यास जेमतेम २० इंच.

फास्टट्रॅकमध्ये ओ-३६चे आठ वळणाचे आणि दहा-दहा इंचांचे चार सरळ तुकडे घेतले की खालच्या प्लास्टिकच्या खडीसकट साधारण ४० बाय ६० इंचांचा लंबगोल होतो. बऱ्याच स्टार्टर सेटमध्ये एवढंच येतं. सरळ तुकडे लांब बाजूंना दोन-दोन जातात, आणि त्या दोन तुकड्यांमधला सांधा बरोबर लंबगोलाच्या मध्यावर येतो. रूळ ज्या फळीवर बसतात तीही तिथेच दुभागायची, म्हणजे दोन अर्धे झाडाभोवती सरकवता येतात.

चार बाय आठ फुटांची अर्धा इंची प्लायवूड शीट घ्या आणि दुकानातच ४८ बाय ३३ इंचांचे दोन तुकडे कापून मागा. ते मोटारीत मावतात, उरलेला ३० इंचांचा पट्टा टेकूला कामी येतो. दोन्ही तुकड्यांच्या एकमेकांना भिडणाऱ्या कडेला मधोमध २४ इंच रुंद, १२ इंच खोल खाच जिगसॉने कापायची. तुकडे जोडले की मध्ये २४ बाय २४ इंचांची चौकोनी खिडकी होते. झाडाचा स्टँड तीत जमिनीवर उभा राहतो, फळीवर त्याचा भार येत नाही. कृत्रिम झाडांचे फुलीसारखे लोखंडी पाय कधीकधी ३० इंचांपर्यंत पसरतात. ते खिडकीच्या कोपऱ्यांकडे वळवायचे, कर्ण ३४ इंचांचा मिळतो. रूळ आणि खिडकीची कड यांत चार इंच उरतात. वळणावर लांब डब्याचं पोट आतल्या बाजूला सरकतं, म्हणून ही जागा घरं ठेवून भरू नये.

खालून वन-बाय-थ्री (प्रत्यक्षात पाऊण बाय अडीच इंची) लाकडी पट्ट्यांची चौकट, खाचेच्या कडांनाही. फळी जमिनीपासून तीन इंच वर येते, वायर खालून जातात आणि गालिच्याचे धागे चाकांपासून लांब राहतात. दोन अर्ध्यांच्या भिडणाऱ्या चौकटी शिकंज्यात एकत्र धरून आरपार अर्धा इंची भोकं पाडा, पुढे दोन, मागे दोन, आणि एका बाजूला लाकडी खुंट्या चिकटवा. भोकं वेगवेगळी पाडली तर ती जुळत नाहीत. पुढच्या कडेला ट्रंकेला असते तशी ओढून बसणारी कडी लावा. मागे खुंट्या पुरतात.

आता रूळ. दोन्ही अर्धे जोडून आख्खा लंबगोल आधी सुटा मांडायचा आणि मगच स्क्रू मारायचे, तेही फक्त वळणांना. सांध्यालगतचे चारही सरळ तुकडे सैल ठेवा. किंचित हलले तरच फळ्या जोडताना रुळांच्या टोकांच्या पिना समोरच्या रुळात नीट शिरतात. स्क्रू आवळून बसवू नयेत. प्लास्टिकची खडी पोकळ असते, तिच्यातून सगळा आवाज प्लायवूडमध्ये उतरतो आणि फळी ढोलासारखी घुमते. खाली होमासोट (कागदाच्या लगद्याचा दाबलेला) बोर्ड किंवा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा क्राफ्ट फोम घातला की आवाज बराच दबतो.

वीज तीन रुळांतून: मधला गरम, बाहेरचे दोन परतीचे. प्रत्येक अर्ध्या फळीला स्वतंत्र फीडर, म्हणजे रुळाला वीज आणणारी वायरची जोडी द्या, १६ गेज जाडीची वायर, मधल्या रुळाला लाल आणि बाहेरच्याला काळी, दोन्हीकडे तोच क्रम. उलटसुलट झालं तर थेट शॉर्ट. एकाच फीडरवर भागवलं तर गाडी पुढे जोरात आणि मागे रडत चालते, कारण प्रत्येक पिनेशी थोडा दाब गळतो. लायनेलच्या लायनचीफ सेटमध्ये रुळाला कायम १८ व्होल्ट असतात, वेग रिमोटवरून इंजिनात ठरतो. अशा पुरवठ्यावर आजोबांच्या काळातलं जुनं इंजिन ठेवलं तर ते पूर्ण वेगाने निघतं आणि पहिल्याच वळणावर आडवं होतं. त्याला हँडलवाला ट्रान्सफॉर्मरच हवा. सेट भारतात नेणार असाल तर अॅडॅप्टरवरचा इनपुट वाचा. १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल.

झाड खरं असेल तर उभं केल्यावर एक दिवस थांबा. उबेने आणि सजावटीच्या वजनाने फांद्या खाली येतात. मग फळ्या डाव्या-उजव्या बाजूंनी सरकवून जोडा. रुळावर किमान आठ इंच मोकळे हवेत, खालच्या एक-दोन फांद्या छाटायला कचरू नये. पाणी रोज लागतं, बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक क्वार्ट, म्हणजे जवळपास एक लिटर. त्यासाठी लांब नळीचं नरसाळं ठेवा आणि पाणी घालताना वीज बंद करा.

बिघाड ओळखायची पहिली खूण म्हणजे जागा. डबा रोज एकाच ठिकाणी घसरतो तेव्हा दोष रुळाचा. सांध्यावरून नख फिरवा, अडकलं की एक बाजू उंच आहे. बहुधा एका फळीचा कोपरा गालिच्यात रुतलेला असतो, पायाखाली जुन्या व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे सरकवले की बरोबरी होते. घसरण्याची जागा बदलत असेल, पण डबा तोच असेल, तर त्याची चाकं बघा: धुऱ्याला धागा गुंडाळलेला असतो, नाही तर डबा फार हलका असतो. हलका डबा इंजिनामागे लावला की मागच्या वजनाने वळणावर आतल्या बाजूला ओढला जाऊन पडतो. त्याला शेवटी लावा किंवा आत दोन-चार वॉशर चिकटवा. इंजिन एकाच जागी अडखळतं तेव्हा तिथली पिन सैल असते, पक्कडीने हलकंच दाबून घट्ट करा. सगळीकडेच ठिणग्या उडत असतील तर रूळ आणि इंजिनाखालचे वीज घेणारे पिकअप रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. स्टील वूल कधीच वापरू नये, त्याचे कण मोटरच्या चुंबकाला चिकटून बसतात. तेल धुऱ्याला एकच थेंब. रुळावर सांडलं की चाकांवरचे रबरी टायर घसरू लागतात, मग निखळतात.

चमकीच्या लांब झुरमुळ्या झाडावर लावूच नका. एक धागा खाली पडला की धुऱ्यात जातो, धातूची चमकी असली तर शॉर्टही होतो. तेच सुट्या नकली बर्फाचं आणि कापसाचं. बर्फ हवा तर फळीला पांढरा रंग द्या आणि तो ओला असतानाच बारीक चमक भुरभुरवा. पांढरं फेल्ट चालतं, पण रुळापासून दोन इंच लांब आणि कडा चिकटवलेलं.

घरं घरीच करण्यात खरी मजा. सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा, १:४८च्या हिशेबाने सात फुटी दरवाजा पावणेदोन इंचांचा. खिडक्या कापून आतून पिवळा ट्रेसिंग पेपर, छपरावर पातळ गोंद लावून चमक, मागच्या भिंतीला बोटभर भोक. त्यातून बॅटरीवरच्या एलईडी माळेचे दोन दिवे आत सरकवायचे. भिंतीकडची घरं पुढच्यांपेक्षा थोडी लहान केली की अंतराचा भास होतो. बोगदा करायचाच तर पुढच्या सरळ भागात, तोंड निदान सहा इंच उंच, पाच इंच रुंद, आणि छप्पर उचलता येईल असं.

झाडाचे दिवे आणि गाडी एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्या, तिचं बटण पुढे हाताशी ठेवा आणि झोपताना सगळं बंद करा. खरं झाड सुकत जातं तशा सुया वाढतात. रोज गाडी सुरू करण्याआधी मऊ ब्रशने मागची बाजू झाडा, त्यासाठी ब्रशला आधीच लांब काठी बांधून ठेवा. व्हॅक्यूम क्लीनर रुळांवर नको, सुटलेले रबरी टायर त्यात जातात.

सहा जानेवारीनंतर, म्हणजे नाताळचे दिवस संपल्यावर, उतरवताना आधी फीडर सोडवा आणि वायरना चिकटपट्टीवर नावं लिहा. कडी काढून दोन्ही अर्धे सरळ रेषेत डावी-उजवीकडे ओढा. तिरके ओढले की पिना वाकतात. रूळ फळीवरच राहू द्या, फक्त सैल ठेवलेले चार सरळ तुकडे काढून पिशवीत भरा. दोन्ही फळ्या रुळांची बाजू आत करून, मध्ये जुनी चादर घालून उभ्या ठेवा.