गडाच्या वाटेवर धूर वाचताना

नाशिकहून सप्तशृंगी गडावर जायला दिंडोरी रस्ता मला सगळ्यात आवडतो. पंचवटीतून दिंडोरी नाका ओलांडला, म्हसरूळला चामरलेण्यांचा डोंगर मागे टाकला की शहर संपतं आणि द्राक्षबागा सुरू होतात. या वेळी मामांच्या जुन्या डिझेल जीपने निघालो. जुन्या पद्धतीचा पंप, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल, टाकीतून डिझेल ओढणारा आणि हातानेही भरता येणारा फीड पंप. संगणकाचा संबंध नाही.

जीपच्या तीन तक्रारी होत्या. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो आणि सुरू होताना पांढरा धूर येतो. चढाला काळा धूर. आणि मध्येच बंद पडते. शहरातल्या एका गॅरेजने यावर ‘हाफ इंजिन काम’ सांगितलं होतं, म्हणजे इंजिनचं हेड खोला, पिस्टनच्या रिंगा बदला. मामांना ते पटत नव्हतं. “अरे, निळा धूर कुठंय हिला? आणि ऑइल तर जिथल्या तिथं आहे.”

मुद्दा अगदी बरोबर होता. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले की इंजिन ऑइल जाळायला लागतं आणि धूर निळसर दिसतो. निघण्याआधी आम्ही इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढून पाहिलं. रिंगा झिजलेल्या असतील तर तिथून धापा टाकल्यासारखा वाफारा येतो. इथे नाममात्र फुंकर होती. एवढ्याशा तपासणीवर कुणाचा मोठा खर्च वाचत असेल, तर ती केल्याशिवाय इंजिनला पाना लावूच नये असं माझं ठाम मत आहे.

पांढऱ्या धुराचंही तसंच. तो डोळ्यांना झोंबत होता, न जळलेल्या डिझेलचा वास होता आणि इंजिन तापल्यावर जात होता. हेडखालच्या गॅस्केटमधून कूलंट आत जात असेल तर वास गोडसर येतो, गाडी तापल्यावरही वाफ थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होत राहतं. यातलं काहीच नव्हतं.

दिंडोरी, वणी, सगळं सपाटीला छान गेलं. साठच्या वेगाला कुरकुर नाही. नांदुरीपासून गडापर्यंतचा सुमारे १० किलोमीटरचा घाट सुरू झाला आणि थोडं वर गेल्यावर पिकअप गेला, इंजिन कमीजास्त व्हायला लागलं, दोन-चार गचके देऊन बंद. टाकी निम्म्याच्या वर भरलेली. चाकाला दगड लावला.

बंद कशी पडते, इकडे नीट लक्ष द्यायला हवं. बल्बचं बटण दाबल्यासारखी फट्कन बंद पडली तर स्टॉप सोलेनॉइड (डिझेल तोडणारा विजेचा खटका) किंवा वायरिंगकडे बघायचं. अशी तडफडत पडली तर तिला डिझेल कमी मिळतंय. आधी टाकीचं झाकण उघडलं. हवेची वाट बुजली असेल तर उघडताना ‘सुस्स’ आवाज येतो, आला नाही. मग फीड पंपाचा हँडपंप मारला. तो पोकळ लागत होता, बऱ्याच वेळाने कडक झाला. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल केला तर डिझेलबरोबर फेस. लाइनने एअर धरली होती, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. फेस जाऊन सलग धार येईपर्यंत पंप मारला, स्क्रू आवळला, गाडी सुरू झाली. तशीच सावकाश नांदुरीला उतरवली.

खाली ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक दुकान सापडलं. द्राक्षांच्या या मुलखात फवारणीचा ट्रॅक्टर मध्येच बंद पडून चालत नाही, त्यामुळे इथल्या मिस्त्रींचा हात या कामावर पक्का बसलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “दादा, डिझेल खाली गळतं का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग पंपाच्या अलीकडे बघू.”

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिथे भेग पडली तर हवा आत जाते. चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, म्हणून डाग दिसत नाही. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, ओढ वाढते, हवाही जास्त शिरते. आणि रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भेगेमुळे लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं. सकाळचा लांबलेला सेल्फ आणि तो पांढरा धूर इथूनच येत होता.

त्यांनी फीड पंपाकडून फिल्टरकडे जाणारी नळी काढून तिथे पारदर्शक नळी बसवली. इंजिन वाढवलं की बुडबुड्यांची रांग. मग टाकीची लाइन सोडून फीड पंपाला कॅनमधलं स्वच्छ डिझेल थेट दिलं. बुडबुडे बंद! म्हणजे पंप निर्दोष, दोष टाकीकडच्या लाइनमध्ये. टाकीजवळच्या क्लॅम्पखाली रबरी नळीला बारीक चीर निघाली, क्लॅम्प सरकवल्याशिवाय दिसलीच नसती. डिझेलला टिकणारी नवी नळी, नवे क्लॅम्प, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशरही नवे. जुने वॉशर दाबले गेलेले असतात, तेच परत बसवले की तिथून पुन्हा हवा.

घाट एका दमात चढलो. अठरा हातांच्या देवीचं दर्शन झालं, समोरचा मार्कंड्या डोंगर डोळे भरून पाहिला. गर्दीबद्दल वेगळं काय लिहू, पौर्णिमा टाळून जा एवढंच.

काळा धूर मात्र होताच, फक्त भार पडला की. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर काढला तर घड्या मातीने बुजलेल्या. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकभर रस्ते उकरलेत, ती धूळ कुठेतरी जाणारच. फिल्टर बदलल्यावर धूर बराच उतरला. उरलेल्यासाठी मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचं नट किंचित सैल केलं. ज्या सिलिंडरचं नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो नीट काम करत नाही. तिसऱ्याला फरक जेमतेम. घरी हे करू नका, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि जखम बारीक दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते.

सातपूरला नोझल बनवणारा मोठा कारखाना आहे, पूर्वीचा मायको, आताचा बॉश. शहरात मायको सर्कल अजून त्याच नावाने ओळखतात. त्यामुळे नोझल तपासणारे कारागीर नाशिकला सहज मिळतात. टेस्टरवर लावल्यावर तिसरं नोझल फवारा न मारता थेंब टाकताना दिसलं. चारही एकाच दाबाला जुळवून बसवायचं ठरलंय, पुढच्या आठवड्यात. हाफ इंजिन कामाचा कागद मामांनी फाडून टाकला.