डा-०७ आणि उ-०४: दोन गाल, एकच कासव

आधी आकडा दुरुस्त करते. गेल्या नोंदीत मी "आपल्याकडे २२ हिरवी कासवं" असं ठणकावून लिहिलं होतं. ते मागे घेतेय.

चूक कुठे झाली ते सांगते. आपण कासवं ओळखतो ती गालाच्या फोटोंवरून. कासवाच्या डाव्या गालावरची खवल्यांची नक्षी उजव्या गालावर तशीच उमटत नाही, म्हणून आपल्या याद्याही दोन, डा आणि उ. डावीकडे १४ चेहरे, उजवीकडे ११, आणि दोन्ही गाल एकाच कासवाचे असल्याची खात्री फक्त ३ जोड्यांची. मी १४ आणि ११ ची बेरीज केली, ३ वजा केले आणि २२ लिहून मोकळी झाले. पण ती कमाल मर्यादा होती. उजवीकडची सगळी ११ जर डावीकडच्या १४ मधलीच असतील, तर कासवं १४च! आपली यादी लिहिणाऱ्या काकांनी तेव्हाच विचारलं होतं, "अगं, जास्तीत जास्त २२ असं म्हणायचं ना?" मी हो हो म्हटलं आणि दुरुस्ती काही केली नाही.

आता हल्लीचीच गोष्ट. पाणी जेमतेम तीन मीटर, खाली समुद्रगवत, वर चांगलाच हेलकावा. डा-०७ चरत होतं. बडी, म्हणजे माझी डायव्हिंगची जोडीदार, टँक लावून खाली, बऱ्याच अंतरावर. मी स्नॉर्कल लावून वर. ते श्वासाला वर यायला निघालं तशी मी बाजूला सरकले (वर येणाऱ्या कासवाच्या वाटेत थांबायचं नाही, कितीही चांगला फोटो मिळणार असला तरी). नाक बाहेर, एक श्वास, आणि खाली जाताना पठ्ठ्याने माझ्यासमोरच अर्धं वर्तुळ घेत वळण घेतलं. आधी डावा गाल, मग समोरून तोंड, मग उजवा गाल. अकरा सेकंद, कॅमेरा मध्ये कुठेही बंद नाही. दोन गाल एकाच डोक्याचे आहेत याला याहून चांगला पुरावा मला तरी सुचत नाही.

घरी येऊन लावून बघते तर उजव्या गालावर नेमकं धुकं! हाउसिंगमधलं (कॅमेऱ्याच्या जलरोधक डबीतलं) ओल शोषणारं सिलिका जेल दमलं होतं. पुड्या वेळच्या वेळी सुकवायच्या हे मीच सगळ्यांना सांगत फिरते, त्यामुळे बोलायची सोय नाही.

पुढच्या तीन संध्याकाळी एका खवल्यात गेल्या. डोळ्यामागच्या पहिल्या रांगेतला तिसरा खवला, त्याला बाजू पाच की सहा? म्हणजे कोड (रांग, रांगेतला क्रमांक, बाजू) १३५ की १३६? १३५ असेल तर हा उजवा गाल यादीत कुठेच नाही, नवा चेहरा. १३६ असेल तर थेट उ-०४, म्हणजे आपली टिकली. पाठीवरच्या त्या एका बार्नॅकलमुळे (कवचाला चिकटून बसणारा छोटा टणक समुद्री जीव) आपण तिला दुरूनच ओळखायचो, आणि म्हणूनच तिच्या गालाचा धड फोटो काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. ('ती' ही आपली सवय. एवढ्या लहान कासवात नर की मादी ते बाहेरून कळत नाही.) मग बार्नॅकल गळून पडलं असणार, कारण टिकली "दिसेनाशी" झाली आणि आपण हळहळलो. पाठीवरची खूण आज आहे, उद्या नाही. खवल्यांची नक्षी वर्षानुवर्षं टिकते.

आय-थ्री-एस या फोटो जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही विचारून पाहिलं. तीन संदर्भबिंदू द्यायचे, मग ते तुलना करून क्रम लावतं. मी दर वेळी बिंदू केसभर इकडेतिकडे ठेवले आणि उ-०४ कधी दुसरं, कधी सातवं. दोष त्याचा नाही. गाल तिरका आलेला, त्यात माझ्या ॲक्शन कॅमेऱ्याची रुंद काच कडा वाकवते. अंतरं बदलली की तुलना गडबडते. बाजू मात्र कितीही वाकल्या तरी पाचाच्या सहा होत नाहीत. म्हणून माझं मत आहे तेच आहे: कोड हाताने लावायचा, सॉफ्टवेअरला फक्त दुजोरा विचारायचा.

शेवटी क्लिप काळी-पांढरी केली आणि एकेक फ्रेम सरकवत बसले. खवल्यांमधल्या फिकट रेषा रंगांशिवाय जास्त उठून दिसतात. एका फ्रेमला हेलकाव्याने डोकं वर उचललं आणि गाल धुक्याच्या बाहेर आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या खवल्याच्या मध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक त्रिकोणी खवला पाचर मारल्यासारखा बसलाय. तिसऱ्याची सहावी बाजू ती. टिकलीचा जुना फोटो काढला, तिथेही तो आहे! आपण त्याला वाळूचा कण समजून सोडून दिलं होतं. रात्री पावणेबाराला बडीला फोन केला. ती झोपेत "बरं" म्हणाली.

तर डा-०७ आणि उ-०४ एकच. जोड्या ४, कासवं १४ ते २१. आकडा एकाने उतरला आणि मी पेढे मिळाल्यासारखी खूश आहे.

पुढचा बेत डायव्हरांनी दोन्ही बाजूंनी गाल टिपायचे असा होता. पण हे लिहितानाच एक सुचलं. आपण स्नॉर्कलवाले वरून बघतो, म्हणून आपल्याला कायम डोक्याचा माथाच मिळतो, आणि तसले फोटो मी आजवर 'टाकाऊ' फोल्डरमध्ये ढकलत आले. माथ्यावरही खवले आहेतच की! पुढची, डोळ्यांच्या मधली प्रीफ्रंटल जोडी हिरव्या कासवात सहसा एकच, पण मागच्या खवल्यांत फटी आहेत, मधले चिल्लर तुकडे आहेत. माथा दोन्ही गालांच्या मधोमध असतो. किंचित तिरक्या फोटोत माथा आणि एक गाल दोन्ही येतात. म्हणजे डावा गाल अधिक माथा, उजवा गाल अधिक तोच माथा, जोडी तयार. कासवाने माझ्यासमोर असं वळायची वाट बघायला नको.

म्हणून डायव्हरांचा बेत तूर्त राहू दे. 'टाकाऊ'मध्ये २०० च्या वर फोटो आहेत. आत्ता लिहिता लिहिता चाळीसेक चाळले: डा-११ च्या माथ्यावर मधला खवला उभा चिरलेला आहे, आणि तशीच चीर उ-०२ च्या एका फोटोत अर्धी दिसतेय. अर्धीच, म्हणून जोडी धरत नाही. काका, यादीत पेन्सिलीने लिहा. आणि उ-०२ चे मूळ फोटो ज्याच्या कार्डावर असतील त्याने न कापता पाठवा, मला कडेचा भाग हवाय.