फुलपाखरू आणि सुई

गोवर-रुबेलाची मोहीम राज्यात २७ नोव्हेंबर २०१८ला सुरू झाली आणि आमच्या शाळेची पाळी डिसेंबरात आली. माण तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. लस ९ महिन्यांपासून १५ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना द्यायची होती, म्हणजे शाळेतलं एकही पोर सुटणार नव्हतं. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर लशीबद्दल काय वाट्टेल ते फिरत होतं. आशाताई आणि मी आठवडाभर घरोघरी जाऊन पालकांची समजूत घालत होतो. ज्यांच्या दंडात सुई जाणार होती त्यांच्याशी बोलायचं मात्र राहूनच गेलं.

ते लक्षात आलं थेट लशीच्या दिवशी सकाळी, परिपाठ संपल्यावर. जीप यायला अर्धा तास होता. पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, सुई केवढी हाय?" आणि वर्ग एकदम गप्प झाला. पहिलीचा वर्ग आपणहून गप्प झाला, की समजावं काहीतरी बिनसलंय.

माझी एक मैत्रीण मुलांची समुपदेशक आहे. तिने मला टॅपिंगचे, म्हणजे घाबरल्यावर स्वतःच्या अंगावर थोपटून शांत व्हायचे, दोन प्रकार दाखवले होते. एकात कपाळ, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याखालचं हाड अशा ठरावीक जागांवर बोटांनी टकटक करायचं. गॅरी क्रेग नावाच्या अमेरिकन माणसाने नव्वदच्या दशकात ही पद्धत रुजवली. शरीरातल्या ऊर्जेच्या वाटा त्याने मोकळ्या होतात, हे काही मला पटत नाही. शिवाय डिसेंबरच्या थंडीत सहा वर्षांच्या पोराला नाकाखाली टकटक करायला सांगून बघा, कसली ऊर्जा वाहते ते कळेल.

दुसरा प्रकार मला आवडला होता. हात छातीवर फुलीसारखे घ्यायचे, उजवा तळवा डाव्या दंडावर, डावा उजव्या दंडावर, आणि एकदा इकडे एकदा तिकडे हळू थोपटायचं. फुलपाखराचे पंख हलावेत तसं. मेक्सिकोत अकापुल्कोला १९९७मध्ये मोठं चक्रीवादळ झालं. त्यातून वाचलेल्या मुलांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास यांना हे सुचलं. यात मला पटणारं कारण साधं आहे. हातांना काम मिळतं, लय धरली की श्वास आपोआप लांबतो, आणि मन सुईवरून हातावर येतं. आईने पाठीवर थोपटलं की बाळ निजतं, त्यातलंच हे.

तर अर्ध्या तासात मी वर्गाला फुलपाखरू शिकवलं. पोरांना मजा वाटली. फुंकर घालत श्वास सोडायचा, डावीकडे, उजवीकडे. "आणि सुई म्हणजे मुंगी चावल्यासारखी," असंही मी बोलून गेले.

जीप आली. सिस्टर, आशाताई, अंगणवाडीच्या ताई. गुरुजींच्या वर्गात टेबल मांडलं, माझा वर्ग टोचून झालेल्यांना अर्धा तास बसवायला. पहिली पाच-सहा पोरं फुलपाखरू करत रांगेत उभी राहिली आणि खरंच रडली नाहीत. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू.

मग टोचून आलेला एक जण माझ्यासमोर बसला, त्याने हातांची फुली केली, थोपटलं आणि जोरात किंचाळला. लस उजव्या दंडात दिली होती. फुलपाखराचा डावा पंख बरोबर त्याच जागेवर पडत होता. एकाचं बघून दुसऱ्याने, दुसऱ्याचं बघून तिसरीने. मी "हात खाली, हात खाली" म्हणत धावत होते आणि माझीच शहाणी पोरं मी शिकवलेलं इमानेइतबारे करून रडत होती. आवाज ऐकून पलीकडची रांगही फुटली. मघाची मुलगी हुंदके देत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्याकडच्या मुंग्या एवढ्या मोठ्या असत्यात?"

त्या सगळ्या गोंधळात एक पोरगा खिडकीचे गज धरून उभा होता. मेंढपाळाच्या घरातला. रडत नव्हता, बोलत नव्हता, बोटं पांढरी पडली होती. मी त्याचे हात सोडवून दंडावर ठेवायला गेले तर त्याने अंग चोरलं. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, त्याला हात नका लावू. राहू द्या शेवटी." मी त्याच्याजवळ जमिनीवर बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून स्वतःच्याच मांड्यांवर डावं-उजवं थोपटत राहिले. खरं सांगायचं तर ते माझ्यासाठीच होतं. थोड्या वेळाने त्याने एक हात गजावरून काढला आणि मांडीवर वाजवायला लागला. माझ्यासारखं नाही. त्याच्या घरात गजीनृत्याचा ढोल आहे, तो ठेका. माझं चुकतंय म्हणून त्याने मला दोनदा थांबवलंही. टोचताना तो रडला, चांगला मोठ्याने रडला, पण मांडीवरचा डावा हात चालूच होता.

दोन दिवसांनी वर्गात भांडण झालं, तेव्हा मी म्हटलं, "चला, फुलपाखरू करूया." तिघीचौघी रडायलाच लागल्या. एक तर दप्तर घेऊन दारापर्यंत पोचली. फुलपाखरू म्हणजे जीप येणार, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. भीतीच्या तोंडावर शिकवलेली गोष्ट भीतीलाच चिकटली. मैत्रिणीला फोन केला तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, "पोहायला कोण पुरात शिकवतं का गं?"

जानेवारीपासून नव्याने सुरू केलं. नाव बदललं, जागा बदलली. रोज परिपाठानंतर, काहीही झालेलं नसताना, दोन मिनिटं मांडीवर ढोल. ठेका धरायला तोच पोरगा पुढे. ज्याला नको त्याने नुसतं ऐकायचं. भांडण झालं की लगेच ढोल, असं मी मुद्दाम करत नव्हते, नाहीतर ती शिक्षा झाली असती.

फेब्रुवारीत जंतांच्या गोळ्या द्यायला आशाताई आल्या. त्यांना दारात बघताच अर्धा वर्ग मांड्या बडवायला लागला, मी काही न सांगता. आशाताईंनी पिशवीतून गोळी काढून उंच धरली. "टोचायचं न्हाई रे, चावून खायची हाय!"

पोरांनी गोळ्या चावल्या. ढोल काही थांबेना, शेवटी गुरुजी पलीकडून ओरडले.