ट्रेकचा फॉर्म परत लिहायला घेतला त्याची गोष्ट

दर जुलैत आमचा ग्रुप पन्हाळा ते पावनखिंड ट्रेक नेतो. १६६० च्या जुलैत महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून ज्या वाटेनं विशाळगडाकडं गेले तीच वाट, साधारण पन्नासेक किलोमीटर, आम्ही दोन दिवसात करतो, रात्रीचा मुक्काम करपेवाडीत. पाऊस, गुडघाभर चिखल, जळवा, धुकं, सगळं असतंय. आणि दरवर्षी सगळ्यांकडनं, काही झालं तर आमची जबाबदारी नाही असा एक फॉर्म सही करून घ्यायचो.

तो फॉर्म कुणीतरी नेटवरनं उतरवलेला, इंग्लिशमधला, दोन पानं, बारीक अक्षरात. पहाटे पाच वाजता गाडीत बसल्यावर पॅड फिरायचं, मोबाईलच्या उजेडात सही करून पुढच्याला द्यायचं. कुणी वाचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीपण कधी नीट वाचला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मसाई पठारावर एक काका अचानक गप्प झाले. थंडी, पाऊस, आम्हाला वाटलं दमलेत. मग हात थरथरायला लागले, घाम फुटला, एवढ्या गारठ्यात शर्टाची कॉलर घामानं भिजलेली, आणि विचारलेल्याचं उत्तर भलतंच यायला लागलं. ग्रुपमधली एक नर्स ताई पुढं आली, तिनं थेट विचारलं, "काका, शुगर हाय का तुम्हाला?" काकांनी मान हलवली. सकाळी गोळी घेतलेली आणि गडबडीत नाष्टा राहिलेला. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून ताईनं पाण्यात ग्लुकोज कालवून थोडं थोडं पाजलं, वर गुळाचा खडा दिला, पंधरा-वीस मिनिटात माणूस जागेवर आला. मी संध्याकाळी सॅकमधनं त्यांचा फॉर्म काढला. प्लास्टिकच्या पिशवीतपण पाणी शिरून शाई पसरलेली, सही तेवढी दिसत होती. आजाराचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नव्हताच. दोन पानं भरून आमची जबाबदारी नाही हे लिहिलेलं, पण समोरच्याला काय होतंय हे विचारणारी एक ओळ नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

परत आल्यावर एका वकील मित्राकडं गेलो. वेळ मिळायला आठ दिवस लागले. त्यानं फॉर्म वाचला आणि पहिलंच वाक्य खोडलं, "आयोजकांच्या हलगर्जीपणामुळे काही झालं तरी दावा करणार नाही" अशा अर्थाचं होतं ते. म्हणाला, भावा, हे कागदावर लिहून सुटका होत न्हाई. १८७२ चा करार कायदा सार्वजनिक हिताच्या विरोधातला करार मानत नाही, आणि तुमच्या हयगयीनं कुणी दगावलं तर तो फौजदारी गुन्हा, तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६), त्याला सहीनं माफी मिळत नाही. शिवाय फी घेताय म्हणजे सेवा देताय, २०१९ च्या ग्राहक कायद्यात एकतर्फी कराराविरुद्ध दाद मागता येते.

मग १६-१७ वर्षांच्या पोरांचं विचारलं, कारण कॉलेजची पोरं खूप येतात. अठरा पूर्ण नसलेल्याचा करार मुळातच रद्द, १९०३ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) निकालापासून हे पक्कं आहे. आईवडिलांची सही घ्यायचीच, पण ती परवानगी म्हणून, पोराचा हक्क त्यानं जात नाही.

मी विचारलं, मग फॉर्म कशाला? तो म्हणाला धोका सांगितला होता आणि समजून माणूस आला होता, याचा पुरावा म्हणून. त्यासाठी त्याला तो कळला पाहिजे. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

म्हणून आम्ही मराठीत लिहायला बसलो, चार रविवार गेले. "नैसर्गिक आपत्ती व तत्सम जोखीम" असलं काही ठेवलं नाही. सरळ लिहिलं: ओढ्याला पाणी वाढलं तर तुम्हाला तासभर थांबावं लागेल किंवा मागं फिरावं लागेल. शेवाळलेल्या दगडावर पाय घसरून मोडू शकतो. बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, गाडीरस्त्यापर्यंत उचलून न्यायला दोन-तीन तास जाऊ शकतात. लीडर परत फिरा म्हणाला तर फिरायचं. प्रत्येक वाक्यापुढं वेगळी सही. फोटो वापरायची परवानगी वेगळ्या चौकटीत, ती नाकारली तरी ट्रेकला येता येतं.

आमच्या बाजूचंपण लिहिलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. किती जणांमागं एक लीडर, प्रथमोपचार पेटी कुणाच्या सॅकमध्ये, कुठल्या गावातनं गाडी मिळते. आपण काय करणार ते न लिहिता फक्त समोरच्याकडनं लिहून घेणं मला बरोबर वाटत नाही.

आरोग्याचं पान सगळ्यात मोठं झालं. शुगर, बीपी, दमा, फिट, ॲलर्जी, ऑपरेशन, चालू गोळ्या, घरच्यांचा नंबर. हे पान फक्त दोन लीडरकडं राहतं आणि ट्रेक संपला की फाडतो, असं त्यावरच लिहिलंय, नाहीतर लोक लपवतात, विशेषतः बायका आणि नोकरीला लागलेली तरणी पोरं. फॉर्म आता आठ दिवस आधी घरी जातो, गाडीत सही घेत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीनं दमा लिहिलं. मी फोन केला, पंप कुठं ठेवतेस विचारलं, म्हणाली सॅकच्या तळाला. वरच्या कप्प्यात ठेव म्हटलं, आणि एक जादा पंप आमच्या पेटीत घेतला. पांढरपाणीच्या अलीकडच्या चढाला तिला तो लागला, दोन मिनिटात हाताशी आला.

यंदाच्या फॉर्ममध्ये "तुमचं औषध सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहे?" हा रकाना वाढवलाय. काकापण परत येणार आहेत, त्यांचा फॉर्म कालच आला, नाष्टा किती वाजता करणार तेसुद्धा लिहून पाठवलंय.